डॉक्टर नसलेला माणूस पेसमेकर किंवा सीपॅपसारखं उपकरण शोधू शकतो का? सुरुवात कुठून करायची?

हो, शोधू शकतो. तुम्ही लिहिलंय की इन्स्ट्रुमेंटेशनच्या तिसऱ्या वर्षाला आहात, वडिलांना स्लीप ॲप्निया (झोपेत श्वास वारंवार अडण्याचा विकार) आहे, सीपॅप मशीन (मास्कमधून दाबाने हवा सोडून घसा उघडा ठेवणारं) लावतात पण मध्यरात्री काढून ठेवतात, आणि हृदयाचे ठोके किंवा श्वास यांवर काहीतरी उपकरण करायची तुमची इच्छा आहे. मी बायोमेडिकल इंजिनिअर आहे. आधी काही वर्षं पेसमेकर बसवताना कॅथलॅबमध्ये (शिरेतून हृदयावर उपचार करतात त्या खोलीत) प्रोग्रॅमर, म्हणजे पेसमेकर तपासायचं यंत्र, घेऊन उभा राहायचो. आता पुण्यात श्वसनाच्या उपकरणांवर काम करणाऱ्या एका छोट्या कंपनीत आहे. त्यामुळे दोन्हीकडचं थोडंथोडं पाहिलंय. माझं मत आधीच सांगून टाकतो: सर्किट हा यातला सर्वांत सोपा भाग. घोडं अडतं ते पुढे, शरीरापाशी.

अर्ल बॅकन यांचंच बघा. अमेरिकेत मिनियापोलिसला मेहुण्याबरोबर एका गॅरेजमध्ये हॉस्पिटलची यंत्रं दुरुस्त करायचे. १९४९ साली काढलेल्या त्या दुकानाची पहिल्या महिन्याची कमाई ८ डॉलर. तीच आजची मेडट्रॉनिक, वैद्यकीय उपकरणांची मोठी कंपनी. तिथल्या विद्यापीठात डॉ. लिलेहाय लहान मुलांच्या हृदयातली जन्मजात भोकं शिवायचे. टाका हृदयाच्या विद्युतमार्गाजवळ पडला की काही मुलांचे ठोके मंदावायचे. मग पेसमेकर लावायचा. तो पेसमेकर म्हणजे भिंतीतल्या प्लगवर चालणारं मोठं धूड, वायर पोचेल तेवढंच मूल फिरणार. ३१ ऑक्टोबर १९५७ ला शहराची वीज गेली आणि एक बाळ दगावलं, असं बॅकन सांगायचे. लिलेहायनी त्यांना विचारलं, बॅटरीवर चालणारं काही जमेल का?

बॅकननी एका हौशी इलेक्ट्रॉनिक्स मासिकात छापलेलं दोन ट्रान्झिस्टरचं मेट्रोनोमचं (संगीतात ताल मोजायला टिकटिकणाऱ्या यंत्राचं) सर्किट काढलं, थोडं बदललं आणि साधारण चार आठवड्यांत हातात मावेल असा डबा तयार केला. कुत्र्यावर चाचणी झाली. दुसऱ्या दिवशी ते दुसऱ्याच कामासाठी हॉस्पिटलात गेले तर डबा एका मुलीला लावलेला! लिलेहायचं म्हणणं, चांगली वस्तू हाताशी असताना मुलीचा जीव धोक्यात का घालू? आज असं केलं तर तुरुंगात जाल, ते पुढे सांगतोच. मला यातली आवडणारी गोष्ट वेगळी आहे. डब्याच्या नंतरच्या आवृत्तीत बटणं आत खोलगट बसवली, कारण पोरं ती फिरवत बसायची. सर्किट मासिकातून मिळालं होतं, हे मात्र वॉर्डात उभं राहिल्याशिवाय सुचणारं नव्हतं.

स्वीडनमध्ये पुढच्याच वर्षी, ८ ऑक्टोबर १९५८ ला, शरीरात बसवलेला पहिला पेसमेकर आला. शल्यचिकित्सक ओके सेनिंग, उपकरण रुने एल्मक्विस्ट यांचं, आणि हे करा म्हणून दोघांच्या मागे लागलेली बाई म्हणजे रुग्ण अर्ने लार्सन यांची बायको. लार्सन यांना दिवसात वीस-तीसदा भोवळ यायची. एल्मक्विस्टनी सर्किट इपॉक्सीत ओतलं, आणि साचा म्हणून वापरला बुटाच्या पॉलिशचा डबा. पहिला पेसमेकर काही तासांत बंद पडला, मग दुसरा बसवला. लार्सन यांना आयुष्यात वीसहून अधिक पेसमेकर लागले. ते २००१ साली, ८६ व्या वर्षी गेले, म्हणजे एल्मक्विस्ट आणि सेनिंग दोघांच्याही नंतर.

विल्सन ग्रेटबॅच यांची गोष्ट तुम्ही कुठेतरी वाचली असेलच: बफेलोच्या या इंजिनिअरने हृदयाचे आवाज नोंदवायच्या यंत्रात चुकीचा रेझिस्टर लावला आणि सर्किट ठोक्यासारखं टिकटिकायला लागलं. नशीब म्हणून ही गोष्ट रंगवून सांगतात. त्या माणसाची खरी कामगिरी पुढची आहे. त्या काळच्या पारा-जस्त बॅटऱ्या दोनेक वर्षांत संपायच्या आणि त्यातून हायड्रोजन सुटायचा, म्हणून पेसमेकर पूर्ण सीलबंद करता येत नसे. इपॉक्सीतून ओल आत जायची आणि सर्किट खाऊन टाकायची. लिथियम-आयोडीन बॅटरी दुसऱ्यांनी काढली होती. ग्रेटबॅचनी ती पेसमेकरसाठी घडवली आणि १९७२ पासून ती माणसांत बसू लागली. वायू सुटत नाही म्हटल्यावर टायटॅनियमचा डबा वेल्ड करून बंद करता येऊ लागला. पेसमेकर वर्षानुवर्षं टिकू लागला तो यामुळे. तुमच्या अभ्यासक्रमात ॲम्प्लिफायरला अख्खं सत्र असेल. बॅटरीला आणि सीलिंगला किती तास आहेत?

आता कॅथलॅबमध्ये काय चालतं ते सांगतो, कारण उपकरण शोधणाऱ्याने ते एकदा तरी पाहिलंच पाहिजे. फक्त खांद्याखाली भूल दिलेली असते, रुग्ण जागा असतो. डॉक्टर शिरेतून लीड, म्हणजे पेसमेकरची तार, हृदयाच्या उजव्या कप्प्यात नेतात, टोकाचा बारीक स्क्रू स्नायूत फिरवतात आणि मान न वळवता विचारतात, "किती?" आपण वाचायचं: आर-वेव्ह (हृदयाचा स्वतःचा सिग्नल) नऊ, इम्पीडन्स (विद्युतरोध) सातशे, थ्रेशोल्ड (ठोका पडायला लागणारं किमान व्होल्टेज) पॉइंट सहा. मग, "काका, जोरात खोका." काका खोकतात. लीड नीट बसली नसेल तर आकडे तिथल्या तिथे बदलतात. मध्येच कॉटरी (रक्त थांबवायला विजेने डागणारं हत्यार) चालली की पेसमेकरला तो गोंगाट म्हणजे हृदयाचेच ठोके वाटतात आणि तो गप्प बसतो. ज्याचा स्वतःचा ठोका नाही अशा रुग्णाचा मॉनिटर तेवढा वेळ सपाट. शेवटी मुद्दाम १० व्होल्ट देऊन बघतात की पोट उडतंय का. उचकी लागल्यासारखं पोट उडलं, तर करंट छातीच्या पडद्याच्या नसेपर्यंत, फ्रेनिक नर्व्हपर्यंत पोचतोय. म्हणजे लीड हलवा.

हे शेवटचं लक्षात ठेवा. झोपेत मेंदूच श्वास घ्यायचा विसरतो, अशा सेंट्रल स्लीप ॲप्नियासाठी एक उपकरण आहे, रेमेडे. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधं-उपकरणांना मान्यता देणाऱ्या संस्थेने, २०१७ साली त्याला मान्यता दिली. ते पेसमेकरसारखंच छातीत बसतं आणि शिरेतल्या लीडमधून नेमकी ती फ्रेनिक नर्व्ह चेतवतं. आम्ही जे टाळण्यासाठी लीड इकडची तिकडे करायचो, तेच इथे उपचार म्हणून वापरलंय. शोध बऱ्याचदा असे शेजारच्या खोलीतून येतात.

डिफिब्रिलेटर, म्हणजे धोकादायक ठोका ओळखून आतूनच शॉक देणारं आयसीडी, याची गोष्ट चिकाटीची. मिशेल मिरोव्स्की यांचे इस्रायलमधले गुरू अशाच ठोक्यांच्या विकाराने अचानक गेले. मिरोव्स्की बाल्टिमोरला येऊन मॉर्टन मोवर यांच्याबरोबर कामाला लागले. १९७२ साली बर्नार्ड लाऊन यांच्यासारख्या दिग्गजाने या कल्पनेवर जाहीर टीका केली, आणि लाऊन हे स्वतः डीसी डिफिब्रिलेटरचे जनक! कुत्रा कोसळतो, शॉक बसतो, उठून शेपूट हलवतो, अशी फिल्म दाखवली तर लोक म्हणाले, कुत्रा शिकवलेला आहे. मग ईसीजीसकट दाखवावं लागलं. माणसात पहिलं उपकरण बसलं ४ फेब्रुवारी १९८० ला, एफडीएची मान्यता १९८५ ला. पाव किलोच्या आसपासचं ते यंत्र पोटात बसवायला छाती उघडावी लागायची.

आता श्वास. इथे तुमच्या वडिलांचा मुद्दा येतो.

१९२८ साली बोस्टनमध्ये हार्वर्डच्या फिलिप ड्रिंकर यांनी आयर्न लंग, म्हणजे रुग्णाला आत ठेवून हवेच्या दाबाने श्वास घ्यायला लावणारी पेटी, बनवलं. शिक्षणाने केमिकल इंजिनिअर. हवा ओढायला त्यांनी व्हॅक्यूम क्लीनरचे ब्लोअर वापरले. पोलिओ झालेली आठ वर्षांची पहिली रुग्ण त्यात घातल्यावर काही मिनिटांत सावरली. पुढे काही दिवसांनी ती न्यूमोनियाने गेली, पण यंत्र चालतं हे दिसलं. जून १९८० मध्ये सिडनीत डॉ. कॉलिन सलिव्हन यांच्याकडे स्लीप ॲप्नियाचा एक गंभीर रुग्ण होता. तेव्हा उपाय एकच, गळ्याला भोक. तो रुग्णाला नको होता. सलिव्हननी ब्लोअरची हवा नाकातून आत सोडली, दाब हळूहळू वाढवला, आणि घोरणं थांबलं. १९८१ च्या त्यांच्या पेपरमधला दाब होता ४.५ ते १० सेंटिमीटर पाणी, म्हणजे तेवढ्या उंच पाण्याचा दाब. वातावरणाच्या दाबाच्या जेमतेम एक टक्का! एवढ्याशा दाबाने घसा उघडा राहतो.

भौतिकशास्त्र एका रात्रीत जमलं. मास्कचं काम अजून चालूच आहे. सुरुवातीचे रुग्ण दररोज रात्री मास्क सिलिकोनने नाकाला चिकटवायचे आणि यंत्राचा आवाज सोसायचे. पेसमेकर आणि सीपॅप यांत मला दिसलेला सर्वांत मोठा फरक हाच: पेसमेकरवाला आपला पेसमेकर विसरून जातो, सीपॅपवाला तो रात्री दोन वाजता अर्धवट झोपेत ओढून फेकू शकतो. तिथे तुमचा अल्गोरिदम कितीही हुशार असो, संपलं. आमच्याकडे चाचणीला येणाऱ्यांत भरघोस मिशावाले असतात, मास्कची कड मिशीवर बसत नाही. आजोबा कवळी काढून झोपतात, गाल आत जातात, संध्याकाळी चपखल बसलेला मास्क रात्री गळायला लागतो. हवा डोळ्यांत जाते, डोळे लाल, सुनेला वाटतं यंत्राची ॲलर्जी. वीज गेली तर मास्कमध्ये बाहेरची हवा येण्याची सोय हवी, म्हणून तोंडावरच्या मास्कला वेगळी झडप असते. तिची चाचणी ब्लोअरच्या चाचणीपेक्षा जास्त वेळ खाते. वडिलांच्या मशीनच्या नोंदीत गळतीचा आकडा असतो. तो घेऊन स्लीप क्लिनिकला जा आणि मास्कचा प्रकार बदलून बघा. मशीन उघडू नका, त्यांच्यावर स्वतःचे प्रयोग तर मुळीच नकोत.

ही भीती उगाच घालत नाही. २०१५ साली सर्व्ह-एचएफ नावाचा अभ्यास आला. हृदय कमजोर झालेले आणि सेंट्रल ॲप्निया असलेले १३२५ रुग्ण, निम्म्यांना श्वासागणिक दाब जुळवून घेणारं आधुनिक मशीन. झोपेतले श्वासाचे अडथळे छान कमी झाले. पण हृदयविकाराने मरण्याचा धोका मशीनवाल्यांत सुमारे एक तृतीयांशाने जास्त निघाला. स्क्रीनवरचा आकडा सुधारला आणि माणसं जास्त गेली! आणि २०२१ मध्ये फिलिप्सला जगभरातून लाखो सीपॅप परत घ्यावे लागले, ते आवाज कमी करण्यासाठी आत बसवलेला फोम झिजून कण सुटण्याच्या धोक्यामुळे. मोटर नाही, सॉफ्टवेअर नाही, फोम.

भारतात २०१७ चे मेडिकल डिव्हाइसेस रूल्स लागू आहेत. धोक्यानुसार ए ते डी असे चार वर्ग. ए आणि बीचा परवाना राज्याकडून, सी आणि डीचा केंद्राच्या औषध नियंत्रण संस्थेकडून, सीडीएससीओकडून. व्हेंटिलेटर सीमध्ये, पेसमेकर डीमध्ये. माणसांवर चाचणीसाठी एथिक्स कमिटीची आणि बहुतेक वेळा सीडीएससीओचीही परवानगी लागते. कागदपत्रांचा कंटाळा येतो, मलाही येतो, पण जोखीम-विश्लेषणाच्या तक्त्यात "वीज गेली तर?" ही ओळ लिहायला लागते तेव्हाच ती सुचते.

सुरुवात कुठून, तर जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या आयसीयूत किंवा स्लीप लॅबमध्ये बसायची परवानगी मिळवा. नर्स आणि टेक्निशियन काय चिकटपट्टीने चिकटवतात ते बघा. जिथे चिकटपट्टी आहे तिथे उपकरण अपुरं आहे. बंगळुरूला नवजात बाळांसाठी ‘सांस’ नावाचं सीपॅप असंच झालं: छोट्या दवाखान्यातून मोठ्याकडे नेताना बाळं वाटेत दगावतात हे पाहून ते बॅटरीवर आणि गरज पडली तर हाताने पंप करूनही चालेल असं केलं. महाराष्ट्रात आयआयटी मुंबईचं बेटिक हे वैद्यकीय उपकरणांचं केंद्र २०१४ पासून डॉक्टर आणि इंजिनिअर एका टेबलाशी बसवतं. पुण्याचं सीओईपी आणि नागपूरचं व्हीएनआयटीही त्यात आहेत. पुढे पैशांसाठी बायरॅक या केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान संस्थेचं ‘बिग’ अनुदान आहे, ५० लाखांपर्यंत.

आणि एक, कॉलेजच्या टेक-फेस्टमध्ये मॉडेल मांडायच्या किंवा पेपर पाठवायच्या आधी पेटंटचा प्रोव्हिजनल (प्राथमिक) अर्ज करा. आधी जाहीर झालेली गोष्ट आपल्याकडे नवी धरली जात नाही, अपवाद फार थोडे आहेत. प्रोव्हिजनलनंतर संपूर्ण अर्जाला १२ महिने मिळतात. उपचाराची पद्धत म्हणून लिहिलंत तर पेटंट कायद्याच्या कलम ३ खाली अर्ज फेटाळला जाईल. यंत्र म्हणून लिहा. मसुदा पेटंट एजंटकडून एकदा वाचून घ्या, मित्राच्या मित्राकडून नको.