‘वन्स इन अ ब्लू मून’सारखे इंग्रजी वाक्प्रचार लक्षात कसे ठेवायचे?

तुम्ही तीन विचारलेत: ‘वन्स इन अ ब्लू मून’, ‘मेक हे व्हाइल द सन शाइन्स’ आणि ‘बीट अराउंड द बुश’. पाठ करूनही पेपरात आठवत नाहीत म्हणता. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात दहावी-बारावीच्या शिकवण्या घेतो, तिथं जे चालतं ते सांगतो.

पहिल्याचा अर्थ ‘फार क्वचित’. वर्गात एका पोरीनं विचारलं, “निळा चांद कुठी असते का जी, सर?” एरवी नसतो. १८८३ मध्ये क्राकाटोआ ज्वालामुखी फुटला तेव्हा राखेमुळे तो खरंच निळसर दिसला होता, ते सोडा. आज एकाच इंग्रजी महिन्यात दोन पौर्णिमा आल्या की दुसरीला ब्लू मून म्हणतात. हा अर्थ १९४६ साली अमेरिकेतल्या एका खगोल मासिकात झालेल्या चुकीतून आला. वाक्प्रचार त्याहून जुना. पण ही चूक आपल्या फार कामाची आहे. चंद्राचा महिना साडेएकोणतीस दिवसांचा, म्हणून बारा महिन्यांत सूर्याच्या वर्षापेक्षा सुमारे ११ दिवस कमी पडतात. ती तूट साठत जाऊन आपल्याकडे ३२-३३ महिन्यांनी धोंड्याचा महिना येतो, आणि त्याच हिशेबानं त्यांचा ब्लू मून. २०२३ साली श्रावण दोनदा आला होता ना? त्याच ऑगस्टमध्ये पौर्णिमाही दोन होत्या, दुसरी राखीची. जावयाला धोंड्याचं वाण मिळतं तितक्या वेळानं, एवढं ध्यानात ठेवलं की झालं. फक्त ‘दुष्काळात तेरावा महिना’ तिथं लिहू नका. महिना तोच, पण अर्थ संकटात भर.

दुसऱ्यातलं ‘हे’ म्हणजे कापून उन्हात वाळवलेलं गवत, गुरांचा हिवाळ्यातला चारा. वाळायच्या आत पाऊस आला की सडलंच. गाइडात याला ‘वाहत्या गंगेत हात धुणे’ दिलेलं असतं, ते मला पटत नाही. त्यात फुकटचा फायदा उपटणं आहे, यात घाम आहे. सोंगलेलं सोयाबीन वावरात पडलंय, ऑक्टोबरचं आभाळ भरून येतंय आणि बाप बांधावरून ओरडतोय, “उघाड हाये तवर गंजी लावून घे रे!” अर्थ नेमका हाच. माझी पोरं याला चुकत नाहीत, कारण भिजलेल्या सोयाबीनला बाजारात काय भाव लागतो ते त्यांनी पाहिलेलं असतं.

तिसरा सोपा. पूर्वी शिकारीत काही जण झुडपं बडवून पक्षी उठवायचे आणि मारायचे दुसरेच. म्हणून अर्थ, मुद्द्याला हात न घालता आजूबाजूचं बोलत राहणं. उसने पैसे मागायला आलेला पाहुणा आधी तासभर कपाशीला कितवी फवारणी झाली ते विचारतो, तसं.