मेलबर्नमध्ये घराचं लाकडी कुंपण रंगवायला किती खर्च येतो? स्टेन मारू की पेंट?

तुमचा प्रश्न असा आहे की मेलबर्नच्या पश्चिमेला घर घेतलंय, मागचं आणि एका बाजूचं मिळून ३० मीटर लाकडी कुंपण, उंची १.८ मीटर, सगळं करडं पडलंय, पेंटरने दीड हजार डॉलर सांगितले ते जास्त आहेत का, आणि स्वतः केलं तर स्टेन (लाकडात मुरणारा रंग) की पेंट. मी पण इकडचाच, आमच्या आणि ओळखीच्या दोन-चार घरांच्या कुंपणाला हात लावलाय त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

दीड हजार जास्त नाहीत. एका बाजूने दोन हात मारायचे तर चौरस मीटरला २० ते ३५ डॉलर असे दर मी ऐकलेत, तुमचं ५४ चौरस मीटर होतं, म्हणजे अकराशेपासून एकोणीसशेपर्यंत. फक्त त्या दीड हजारात धुणं धरलंय का, दोन हात धरलेत का आणि रंग त्याचा की तुमचा हे लेखी घ्या, कारण स्वस्त दरात बऱ्याचदा न धुता स्प्रेने एकच हात फिरवतात आणि वर्षभरात पोपडे सुटायला लागतात.

पण त्याच्या आधी एक गोष्ट जी पेंटर तुम्हाला सांगणार नाही. रंग नाही लावला म्हणून कुंपण कुजत नाही. नव्या वस्त्यांमधली बहुतेक कुंपणं ट्रीटेड पाइनची असतात, त्यात तांबं-क्रोम-आर्सेनिकचं औषध दाब देऊन लाकडात घुसवलेलं असतं, नवीन असताना जी हिरवट झाक दिसते ती त्याचीच. वाळवी आणि बुरशीशी लढायचं काम ते औषध करतं, रंग नाही. करडेपणा हा उन्हाने वरच्या पापुद्र्याची वाट लावलेली असते एवढंच. फळीवर तळहात घासून बघा, राखाडी भुसा हाताला लागेल, मग चाकूच्या टोकाने तिथेच जरा खरवडा, खाली लाकूड चांगलं पिवळंधमक निघेल. तसं निघालं तर रंग हा हौसेचा खर्च आहे, खुशाल करा, पण घाई काही नाही.

कुंपण जातं ते खालून. फळ्यांना टेकवून माती किंवा मल्च (झाडांच्या बुडाशी घालतात तो सालींचा थर) चढवलेला असतो, स्प्रिंकलर रोज तिथेच पाणी मारत असतो, आणि खांब जमिनीशी जिथे मिळतो तिथे ओल धरून नरम पडतो. एक शनिवार फावडं घेऊन ती माती हटवा, स्क्रू-ड्रायव्हरने प्रत्येक खांब जमिनीच्या वर-खाली टोचून बघा. आत घुसला तर रंगाचे पैसे आधी खांबावर घाला. डुगडुगत्या कुंपणाला रंग देणं म्हणजे पैसे पाण्यात.

आता स्वतः करायचा हिशोब. डब्यावर लिहिलेलं असतं एका लिटरला १६ चौरस मीटर, ते गुळगुळीत भिंतीला. कुंपणाच्या फळ्या रंधा न मारलेल्या असतात, त्या रंग पितात, ७-८ चौरस मीटर झाले तरी खूप. फळ्या एकमेकींवर चढवलेल्या असतील तर कडा पण येतात, म्हणजे दोन हातांना १५ ते १८ लिटर, १० लिटरचे दोन डबे घ्या. नुसत्या फेन्ससाठीचा स्वस्त पेंट डब्याला शंभरच्या आसपास पडतो, चांगल्या कंपनीचा बाहेरचा ॲक्रिलिक (पाण्याचा पेंट) किंवा ऑइल स्टेन दीडशे-अडीचशे. ब्रश, जाड लोकरीचा रोलर, चादरी, क्लीनर यांना अजून ८०-१००. एकूण तीनशे ते सहाशे डॉलर आणि तुमचे दोन वीकेंड, पाठ दुखेल ती वेगळी. (कोकणात आमच्या घरी दरवर्षी काट्याकुट्यांची नवीन वई घालतात, रंगाची भानगडच नाही!)

स्टेन की पेंट. माझं मत स्पष्ट आहे: कुंपण करडं आणि खडबडीत पण ठणठणीत असेल आणि लाकूड दिसायला आवडत असेल तर स्टेन. तो लाकडात मुरतो, वर पापुद्रा धरत नाही, त्यामुळे जुना झाला की फिका पडतो, सोलवटत नाही, धुतलं आणि एक हात मारला की झालं. पण तो हात दर दोन-तीन वर्षांनी मारावा लागतो, उत्तरेकडे तोंड असलेली बाजू इकडे दिवसभर ऊन खाते ती तर त्याच्याही आधी. पेंट नीट लावला तर सात-आठ वर्षं बघायला नको, ठिगळं लावलेल्या जुन्या-नव्या फळ्या एकसारख्या दिसतात, मात्र जेव्हा सुटतो तेव्हा पोपडे धरतो आणि खरवडायचं काम फार कंटाळवाणं. आणि हे लक्षात ठेवा, स्टेनवर पुढे कधीतरी पेंट मारता येतो, पेंटवर स्टेन नाही. नक्की ठरत नसेल तर म्हणूनच आधी स्टेन.

रंगाबद्दल, सध्या सगळ्यांना मॉन्युमेंट नाहीतर वूडलँड ग्रे असा गडद करडा हवाय, पत्र्याच्या कुंपणासारखा. झाडं त्यापुढे छान उठून दिसतात खरं, पण गडद रंगाची पाइनची फळी जानेवारीच्या (इकडच्या उन्हाळ्याच्या) उन्हात तापून वाकते आणि गाठींमधून डिंक बाहेर येतो. पश्चिमेच्या उन्हात असेल तर एक शेड हलका घ्या.

तयारी हेच खरं काम आहे. शेवाळ आणि काळी बुरशी असेल तर आधी ऑक्सिजन ब्लीचवाला क्लीनर, ताठ ब्रश, मग पाणी. प्रेशर वॉशर वापरायचा तर पंख्यासारखी फवारणी करणारं नोझल लावा आणि फुटभर लांब धरा, जवळ नेलात की मऊ पाइनचे तंतू उभे राहतात आणि फळी दाढी वाढल्यासारखी दिसते. लाकूड जुनं हार्डवुड असेल आणि खिळ्यांखाली निळे-काळे ओघळ दिसत असतील तर ते लोखंड आणि लाकडातल्या टॅनिनचे, ते घासून जात नाहीत, ऑक्झॅलिक ॲसिडवाला डेक क्लीनर लावला की जातात, हातमोजे आणि चष्मा घालून. नंतर दोन-तीन कोरडे दिवस सोडा आणि फळीवर पाण्याचे चार थेंब टाका. लगेच मुरले तर लाकूड तयार आहे, तसेच गोल बसून राहिले तर अजून ओल आहे किंवा जुनं तेल आहे, थांबा. अगदी नव्या कुंपणाला पण काही आठवडे उघडं सोडून मगच रंग.

घासकाम करताना मास्क लावाच, ट्रीटेड पाइनच्या त्या औषधात आर्सेनिक आहे. २००६ पासून इथे डेक, हँडरेल, बाकं, मुलांचे झोके यांच्यासाठी ते औषध बंद केलंय, कुंपणाला चालतं. तुटक्या फळ्या बार्बेक्यूत किंवा होळीत अजिबात जाळू नका, राखेत आर्सेनिक उरतं.

लावताना आधी फळ्यांची वरची टोकं, तिथे लाकडाचे तंतू उघडे असतात आणि तिथूनच पाणी शिरतं, ती भरपूर पाजा. तुमच्याकडे आडव्या पट्ट्यांची बाजू आली असेल तर पट्टीचा वरचा काठ पण दोनदा करा, पाणी तिथे साचतं, आणि त्या बाजूला वेळ दीडपट धरा. बाकी फळी रोलरने भरायची आणि ब्रशने उभी ओढून खाचांत बसवायची. स्प्रे मशीन दिवसाला शंभर-दीडशेला भाड्याने मिळतं, ३० मीटरला मी घेणार नाही, त्यातही मागून ब्रश फिरवावा लागतोच आणि मेलबर्नचा वारा कधी फिरेल ते सांगता येत नाही, शेजाऱ्याच्या गाडीवर ठिपके पडले की कुंपणापेक्षा महाग पडेल. हवामानाचं म्हणाल तर मार्च-एप्रिल बेस्ट. हिवाळ्यात दव दहा-अकरापर्यंत सुकत नाही, आणि उन्हाळ्यात फळी इतकी तापते की रंग पसरायच्या आधीच वाळतो, मग सावलीच्या मागे मागे जायचं.

शेजाऱ्याशी आधी बोला. व्हिक्टोरियाच्या १९६८ च्या फेन्सेस ॲक्टप्रमाणे मधलं कुंपण दोघांचं, पुरेशा साध्या कुंपणाचा खर्च अर्धा-अर्धा, पण तुमच्या हौसेचा रंग तुमच्या खिशातून. त्याने हो म्हटलं तरी रंग फटींतून पलीकडे उतरतो आणि त्याच्या बाजूला ओघळ दिसतात, म्हणून फटींपाशी ब्रश कोरडा ठेवा आणि दर तासाला पलीकडे जाऊन एक नजर टाका. रस्त्याकडून दिसणारा भाग असेल तर तुमच्या वसाहतीचे (इस्टेटचे) डिझाइनचे नियम वाचा, नव्या वस्त्यांमध्ये रंग सुद्धा त्यात लिहिलेला असतो.

ऑइल स्टेन घेतलात तर एक जपायचं. तेलाने भिजलेले बोळे चुरगाळून बादलीत किंवा गराजमध्ये टाकू नका. आपल्याकडे दारांना लावतात ते बेल तेल, म्हणजे जवसाचं, तेच अशा बऱ्याच स्टेनमध्ये असतं, ते वाळताना उष्णता सोडतं आणि गठ्ठ्यात ती अडकली की कापड आपोआप पेटतं. बाहेर एकेक पसरून कडक वाळू द्या, नाहीतर पाणी भरलेल्या झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात टाका.

पाण्याच्या पेंटचे ब्रश अंगणाच्या गटारात धुऊ नका, इथली पावसाची गटारं सरळ ओढ्यात आणि तिथून समुद्रात जातात. गवतावर एका कोपऱ्यात धुवा. उरलेला अर्धा डबा पेंटबॅक या उरलेला रंग गोळा करणाऱ्या योजनेच्या केंद्रावर फुकट घेतात, रंग विकत घेताना त्याचे पैसे आधीच कापलेले असतात. टाकायच्या आधी शेडचा कोड मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा, पुढे एखादी फळी बदलली तर लागतोच.