अमेरिकेतलं सरकारी विद्यापीठ आपल्याला स्वस्त पडतं का?

तुमचा प्रश्न असा आहे: पुण्यातून मेकॅनिकल बीई झालंय, वडील कर्ज काढायला तयार आहेत, तर एमएससाठी अमेरिकेतली फक्त सरकारी विद्यापीठं धरली तर खर्च आवाक्यात राहील का आणि त्यांतलं कोणतं निवडावं. मी तिथल्याच एका राज्य विद्यापीठातून एमएस केलं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सीओईपी, व्हीजेटीआयमुळे ‘सरकारी म्हणजे स्वस्त’ हे आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. तिथे ती सवलत त्या राज्याच्या रहिवाशांसाठी असते, कारण विद्यापीठाला पैसा त्यांच्या करातून जातो. आपल्याकडच्या डोमिसाइलसारखाच प्रकार, पण एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर तो दर्जा सहसा मिळत नाही, कितीही वर्षं राहा. इंडियाना राज्यातल्या परड्यू या सरकारी विद्यापीठाने २०१३ पासून कितीतरी वर्षं शिक्षणशुल्क वाढवलं नाही, ही खरोखर कौतुकाची गोष्ट. तरी २०२४-२५ मध्ये इंडियानातल्या विद्यार्थ्याला वर्षाला ९,९९२ डॉलर आणि बाहेरच्याला २८,७९४. परदेशी विद्यार्थ्याला त्यावर अजून थोडे. राहणं-खाणं आणि आरोग्य विमा वेगळाच.

म्हणून रँकिंगची यादी बाजूला ठेवा आणि आधी एकच गोष्ट शोधा: तुमच्या विभागात एमएसच्या मुलांना असिस्टंटशिप, म्हणजे विभागातलं पगारी काम, मिळते का? टीए (शिकवण्यात मदत) किंवा आरए (संशोधनात मदत) मिळाली तर बहुतेक ठिकाणी शिक्षणशुल्क पूर्ण किंवा बरंचसं माफ होतं आणि वर महिन्याला पगार मिळतो. संपूर्ण हिशेबच पालटतो. मात्र विभागाचा पैसा आधी पीएचडीवाल्यांना जातो, आणि एमईंग (मास्टर ऑफ इंजिनिअरिंग) सारख्या फक्त कोर्सवर्कच्या पदव्यांना तो जवळजवळ मिळतच नाही. तेव्हा थीसिस असलेलं एमएस बघा. ग्रॅज्युएट कोऑर्डिनेटरला सरळ ईमेल करा: मागच्या वर्षी एमएसच्या किती जणांना निधी मिळाला, आणि पहिल्या सेमिस्टरपासून की नंतर? लोक उत्तर देतात. गोलमोल उत्तर आलं तर निधी नाही असंच धरून चाला.

टेक्सासची गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. तिथल्या सरकारी विद्यापीठाने तुम्हाला स्पर्धेतून किमान १,००० डॉलरची शिष्यवृत्ती दिली, तर राज्याच्या नियमानुसार रहिवाशाच्या दराने शुल्क लागू शकतं. जागा मर्यादित असतात, पण हजार डॉलरपायी कित्येक हजार वाचतात. टेक्सासमध्ये अर्ज करणार असाल तर शिष्यवृत्तीची मुदत प्रवेशाच्या मुदतीपेक्षा वेगळी आहे का, हे आधी तपासा.

कॅम्पसवर आठवड्याला २० तास काम करता येतं. त्यातून किराणा आणि थोडं भाडं निघतं, फी निघत नाही. शिवाय कर्ज रुपयांत आणि फी डॉलरमध्ये, त्यामुळे दुसऱ्या वर्षाची फी आजच्या दराने मोजू नका. एसटीईएम (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) पदवीनंतर ओपीटीचे, म्हणजे विद्यार्थी व्हिसावरच नोकरी करण्याच्या परवानगीचे, १२ अधिक २४ महिने मिळतात, पण हप्त्यांचं गणित त्या नोकरीवर उभं करू नका, निदान सगळं तरी.

कर्जाबद्दल घरी आत्ताच बोला. सरकारी बँका मोठ्या रकमेला तारण मागतात आणि शेतजमीन बहुधा चालत नाही. एनए प्लॉट किंवा फ्लॅट लागतो, आणि कागद जमवण्यातच महिने जातात. मुंबईच्या जे. एन. टाटा एंडोमेंटची कर्ज-शिष्यवृत्ती आणि के. सी. महिंद्रांची बिनव्याजी कर्ज-शिष्यवृत्ती, दोन्हीकडे अर्ज करा. अनुसूचित जातीतले असाल तर राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती सर्वांत आधी बघा.

शेवटी दोन-तीन ऑफर हातात असतील तेव्हा प्रत्येकाच्या आय-२० वरचा (व्हिसासाठी विद्यापीठ देतं तो कागद) वर्षाचा एकूण खर्च घ्या, त्यातून लेखी मिळालेली माफी वजा करा आणि दोनने गुणा. ‘बघू, पुढे मिळेल’ असं कुणी तोंडी सांगितलं असेल, तर ती रक्कम शून्य धरा.