कोंबडी कोपऱ्यात बसली की

ताई, पिसं फुलवून कोपऱ्यात बसलेली कोंबडी खुडूक, म्हणजे अंडी उबवायला बसलेली, तर नाही ना, ते आधी बघा. खुडूक असेल तर हात नेताच फुगून चोच मारेल. आजारी असेल ती निमूट उचलू देते. त्या निमूटपणाचीच मला धास्ती वाटते, कारण ही जात दुखणं शेवटपर्यंत लपवते.

तिला लगेच वेगळ्या खोक्यात ठेवा. सकाळी दाणे टाकण्याआधी गळ्याखालची थैली चाचपा. रात्रभरात ती रिकामी व्हायला हवी. कणकेच्या गोळ्यासारखी टच्च लागली तर आत काहीतरी अडकलंय. मान पिळलेली नि शीट हिरवी असेल तर मानमोडीचा, म्हणजे राणीखेत रोगाचा संशय. त्यावर औषध नाही, लस काय ती आधीच द्यायची. घरातल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या तर अजिबात चारू नका.

आमच्या ऐरोलीच्या गच्चीवर मे महिन्यात चोच उघडी, पंख पसरलेले दिसले की समजायचं ऊन लागलं. सावली, पायांवर साधं पाणी, प्यायला थोडं ओआरएस.

दोन-तीन एकदम मेल्या तर उघड्या हाताने उचलू नका, सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. फेब्रुवारी २०२२मध्ये आपल्याच ठाणे जिल्ह्यात, शहापूर तालुक्यात बर्ड फ्लू निघाला होता.