केसरबाईंचं गाणं उडालं का हो?

प्रश्न : ताई, आमची आजी मूळची फोंड्याकडची, तिला केसरबाई केरकरांचं भयंकर वेड. केसरबाईंचं एक गाणं नासाच्या यानातून अंतराळात गेलंय हे आम्ही तिच्या तोंडून शंभर वेळा ऐकलंय. मध्यंतरी बातमी वाचली की त्या व्हॉयेजरचा कॉम्प्युटर बिघडला होता, मेमरीची चिप गेली आणि महिनोन् महिने नुसता कचरा येत होता. भाऊ म्हणतो संपलं, गाणं डिलीट. आजीला अजून कोणी बोललेलं नाही. खरंच गेलं का गाणं? आणि एवढे मोठे लोक, बॅकअप ठेवत नाहीत का? (एक नात, डोंबिवली)

उत्तर : आजीला सांगायचंच असेल तर एवढंच सांगा की गाणं ठणठणीत आहे. भावाला रागवू नका, हल्ली गाणं म्हणजे फाइल आणि फाइल म्हटली की ती उडणारच, असं आपल्या सगळ्यांच्याच डोक्यात बसलंय. पण हे गाणं त्या कॉम्प्युटरमध्ये कधी नव्हतंच हो! ते परग्रहावर कोणी भेटलंच तर त्यांच्यासाठी पाठवलेल्या तबकडीवर आहे. तांब्याची 12 इंची तबकडी, वर सोन्याचा मुलामा, आणि आजीच्या ग्रामोफोन रेकॉर्डवर असतात तशाच कोरलेल्या खाचा. ती यानाच्या अंगावर बाहेरून ठोकलेली आहे, अ‍ॅल्युमिनियमच्या झाकणाखाली, सोबत वाजवायची सुईसुद्धा दिलीय आणि कशी वाजवायची त्याच्या आकृत्या झाकणावर कोरल्यात. कॉम्प्युटरशी तिचा काडीचा संबंध नाही, एक वायरही जोडलेली नाही. कॉम्प्युटर बिघडला काय, बंद पडला काय, उद्या यानाची वीज कायमची संपली तरी खाचा आहेत तिथेच राहणार.

आता बिघाडाचं, कारण ती गोष्ट मला फार आवडते. व्हॉयेजर 1 निघालं 5 सप्टेंबर 1977 ला. नोव्हेंबर 2023 मध्ये ते अचानक शून्य आणि एकचा एकच पॅटर्न परत परत पाठवायला लागलं, म्हणजे फोन चालू आहे, समोरचा बोलतोय, पण नुसतं बबबबब. यानावरच्या उपकरणांची माहिती गोळा करून तिचं पार्सल बांधणारा जो कॉम्प्युटर आहे त्याची साधारण 3 टक्के मेमरी खराब झाली होती, कारण एक चिप गेली. कशाने गेली? अवकाशातला एखादा जोरदार कण येऊन आपटला असेल नाहीतर 46 वर्षांत झिजली असेल. यान तेव्हा 2400 कोटी किलोमीटरवर, इथून निरोप पाठवला की पोचायला साडेबावीस तास आणि उत्तर यायला तेवढेच, म्हणजे "काय झालं रे?" एवढं विचारायलाच जवळपास दोन दिवस. आणि ज्या लोकांनी ते बनवलं त्यांनी लिहून ठेवलेले कित्येक दशकांपूर्वीचे जुने कागद काढून वाचत बसायचं!

मार्च 2024 मध्ये त्यांनी यानाला हलकेच ढोसलं, म्हणजे एक कमांड पाठवली, आणि परत आलेल्या गिचमिडीत अख्ख्या मेमरीची प्रत निघाली. मग दुरुस्ती. चिप बदलायला माणूस तर जाऊ शकत नाही, म्हणून त्या चिपवरचा प्रोग्रॅमच दुसरीकडे हलवायचा ठरलं, पण एवढा मोठा तुकडा मावेल अशी एकही सलग जागा रिकामी नाही. फडताळातला मोठा डबा फुटल्यावर आपण काय करतो, थोडं पीठ या डब्यात, थोडं त्या बरणीत, उरलेलं पातेल्यात, आणि घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवतो की बाबांनो आता पीठ कुठे कुठे आहे. तेच केलं. 18 एप्रिलला पहिला तुकडा पाठवला, 20 ला कळलं की जमलं, आणि जूनपर्यंत चारही उपकरणं नीट माहिती द्यायला लागली. या सगळ्या भानगडीत तबकडीकडे कोणाला बघायचीही गरज पडली नाही.

बॅकअपचं म्हणाल तर तो पहिल्या दिवसापासून आहे, व्हॉयेजर 2 या जुळ्या यानावर हुबेहूब तशीच दुसरी तबकडी आहे.

गंमत सांगू का, हे गाणं हरवायची वेळ आली होती, पण ती इथे जमिनीवर. रॉबर्ट ब्राउन नावाच्या संगीत अभ्यासकांनी ही रेकॉर्ड घ्याच म्हणून सुचवली खरी, पण ती मिळेना. केसरबाईंना रेकॉर्डिंगचं मुळातच वावडं, त्यामुळे रेकॉर्डी थोड्याच. तबकडीचं काम बघणाऱ्या अ‍ॅन ड्रुयन यांनी न्यूयॉर्क पालथं घातलं, शेवटी लेक्झिंग्टन अव्हेन्यूवर एका भारतीय कुटुंबाचं घरगुती उपकरणांचं दुकान होतं, तिथे टेबलाखालच्या खोक्यात तीन न उघडलेल्या प्रती सापडल्या. त्या दिवशी ते खोकं कोणी हलवलं असतं तर?

दुसरा घोळ आपल्या सरकारी ऑफिसात शोभेल असा. तबकडीच्या शेवटच्या रिकाम्या पट्टीत हाताने कोरून लिहिलं होतं की हे सर्व जगांतल्या, सर्व काळांतल्या संगीतकारांसाठी. तपासणी करणाऱ्या साहेबांनी वजन, माप, धातू सगळं मोजलं, बरोबर आलं, पण हे अक्षर कागदपत्रात नाही म्हणून तबकडी नापास! तिच्या जागी कोऱ्या चकत्या लावायचं ठरत होतं. तबकडीचं काम ज्यांच्या देखरेखीखाली चाललं ते शास्त्रज्ञ कार्ल सेगन यांनी थेट नासाच्या प्रमुखांना गळ घातली तेव्हा परवानगीची सही झाली.

गाणं म्हणजे "जात कहां हो", भैरवी, साडेतीन मिनिटांच्या आसपास. (यानाला उद्देशून "कुठे चाललीस" हा योगायोग सगळेच सांगतात म्हणून मी सांगत नाही.) नेटवर केसरबाईंचं नाव टाकून शोधा, लगेच मिळेल, आणि आजीबरोबर बसून ऐका, मोबाइलच्या स्पीकरवर नको, तो आवाज त्यात मावत नाही. केसरबाईंचे गुरू अल्लादियाखाँसाहेब, त्यांची तालीम म्हणजे काय ते त्या साडेतीन मिनिटांत कळतं. केसरबाई 16 सप्टेंबर 1977 ला गेल्या, यान निघाल्यावर अकराव्या दिवशी.

प्रश्न : त्याच तबकडीवर मराठीसुद्धा आहे म्हणतात, खरं का? की व्हॉट्सअ‍ॅप? (तीच नात)

उत्तर : खरं आहे. 55 भाषांमधले नमस्कार आहेत, त्यात मराठी आहे, बाईचा आवाज आहे, पृथ्वीवरचे लोक शुभविचार पाठवतात असं सांगून शेवटी तुम्ही "ह्या जन्मी धन्य व्हा" म्हणते. ऐकणाऱ्याचे जन्म किती आणि कुठले ते त्याने बघावं! आजी लगेच विचारणार, आमची कोकणी? नाही, कोकणी नाही त्यात. पण गोव्यातल्या केरीच्या केसरबाई आहेत ना.