वर्षाला सहा रात्री, करार २५ वर्षांचा

प्रश्न: मी ४१ वर्षांचा, सिंहगड रोडला राहतो. बायको शिक्षिका. मुलगी ११, मुलगा ६, आई ६८ वर्षांची. दोघांचे मिळून महिन्याला १,३५,००० हातात येतात. ३४,००० चा गृहकर्जाचा हप्ता धरून घरखर्च ८८,००० होतो, २०,००० एसआयपीत जातात. एफडीत २,५०,००० आहेत. गेल्या सहा महिन्यांत पैशांवरची चार पुस्तकं वाचली. सगळ्यांचं म्हणणं एकच: वस्तूंपेक्षा अनुभवांवर खर्च करा. त्यातच मॉलमध्ये एक फॉर्म भरला, बोलावणं आलं आणि दोन तास सादरीकरण ऐकलं. २५ वर्षांचं हॉलिडे सभासदत्व, वर्षाला ७ रात्री, करासह ६,००,०००. आत्ता ६०,००० आणि मग ११,२५० चे ४८ बिनव्याजी हप्ते. एकरकमी भरले तर ५,४०,०००. मेंटेनन्स वर्षाला १८,००० अधिक जीएसटी. रविवारपर्यंत कळवायचं आहे. यंदा आम्ही तीन छोट्या सहली केल्या, त्यांचा हिशेब सोबत जोडतो. बायको म्हणते, आधी तुमचा महिन्याचा १,५०० चा पुस्तकांचा खर्च आवरा. काय करू?

उत्तर: तुमच्या पत्रापेक्षा मी जास्त वेळ वहिनींच्या वहीच्या त्या पानात रमलो. ‘भिलार, २ रात्री: खोली ५,६००, पेट्रोल-टोल २,४००, जेवण ३,९००, स्ट्रॉबेरी व मध ९००.’ एकूण १२,८००. खाली दिवेआगर १५,६००, त्यातल्या खोल्या ६,४००. मग जूनमधलं भंडारदरा १७,१००, खोल्या ८,६००. काजव्यांचा हंगाम, भाव चढणारच. तीन सहली, सहा रात्री, ४५,५०० रुपये. तुमचं उत्तर याच पानावर आहे, मी फक्त बेरजा करतो.

सादरीकरणातल्या मुलाने तुम्हाला रात्रीचा भाव नक्की काढून दाखवला असेल. ६,००,००० भागिले १७५ रात्री, म्हणजे ३,४२९ रुपये. गंमत अशी की तुमच्या तीन सहलींतल्या नुसत्या राहण्याचा खर्च २०,६०० आहे, म्हणजे रात्रीला ३,४३३. पाहताक्षणी वाटतं, अरे, तेवढ्यातच रिसॉर्ट आणि तेही २५ वर्षं त्याच भावात!

आता मेंटेनन्स धरा. १८,००० वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे २१,२४०. ही रक्कम दरवर्षी भरायची, सहलीला जा किंवा जाऊ नका. यंदा तुम्ही पाच माणसं सहा रात्री ज्या छपरांखाली झोपलात, त्या सगळ्यांचं भाडं मिळून २०,६०० होतं. नुसता मेंटेनन्सच त्याहून जास्त आहे. सहा लाखांचा विषय अजून निघालेलाही नाही.

तो काढू. एकरकमी ५,४०,००० भरलेत असं धरा. हेच पैसे बँकेत राहिले असते तर कर जाऊन साधारण ६ टक्के सुटले असते, वर्षाला ३२,४००. त्यात मेंटेनन्सचे २१,२४० मिळवले की ५३,६४० होतात. सात रात्रींना वाटा, रात्रीला ७,६६० च्या पुढे. आणि सातच्या सात वापरल्या तर. पेट्रोल, टोल, जेवण वेगळं. मुद्दलही परत येत नाही. तुमच्या तिन्ही सहली, स्ट्रॉबेरीसकट, ४५,५०० मध्ये झाल्या होत्या.

रिसॉर्टची खोली आणि भिलारच्या घरातली खोली एक नव्हे, हे मान्य. तिथे पोहण्याचा तलाव असतो आणि मुलाला तो हवा आहे असं तुम्ही हळूच लिहिलंय. त्याच्याकडे नंतर येतो.

‘बिनव्याजी’ या शब्दाबद्दल थोडं. एकरकमी ५,४०,००० आणि हप्त्यांनी ६,००,००० असेल तर मधले ६०,००० म्हणजे व्याजच, फक्त नाव दुसरं. सुरुवातीचे ६०,००० वजा केले तर तुम्ही ४,८०,००० उधार घेऊन ४८ महिन्यांत ५,४०,००० फेडताय. दर साधारण ६ टक्के पडतो. ही काही सावकारी नाही, पण शून्यही नाही. जो माणूस पहिल्याच कागदावर याला शून्य म्हणतो, त्याचे पुढचे कागद मी दोनदा वाचतो.

पैसे बाजूला ठेवले तरी मला खटकतं ते वेगळंच. तुम्ही सहली कशा करता ते तुम्हीच लिहिलंय: बुधवारी ठरतं, शुक्रवारी शाळा सुटली की निघता आणि रविवारी रात्री नवले पुलाच्या गर्दीत अडकून घरी येता. दोन रात्री, गाडीने तीन-चार-पाच तास, आईंचे गुडघे जमतील तेवढं. अशा सभासदत्वाचा फायदा होतो तो चार-सहा महिने आधी तारीख पक्की करणाऱ्यांना, सलग आठवडा काढून लांब केरळ-हिमाचलला जाणाऱ्यांना, शाळेच्या सुट्ट्यांशी ज्यांचं काही अडत नाही त्यांना. माझ्याकडे असं एक निवृत्त जोडपं आहे. दोघं खुशीत सभासदत्व वापरतात आणि मीही त्यांना ते मोडा म्हणत नाही. तुम्हाला हवे असतात दिवाळीनंतरचे, नाताळचे आणि मेमधले शनिवार-रविवार. ते सगळ्या सभासदांना हवे असतात.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. २०१३ साली मीच असा एक करार केला होता. धंद्याने आर्थिक सल्लागार आणि सही केली ती फुकटच्या जेवणानंतर, त्यामुळे हसायचं असेल तर हसा. पहिली दोन वर्षं मजेत गेली. तिसऱ्या वर्षी दिवाळीची तारीख मिळेना, चौथ्या वर्षी वडील आजारी, पाचव्या वर्षी मुलाची दहावी. मेंटेनन्सचं बिल मात्र दर एप्रिलला यायचं आणि ते थकलं की बुकिंग बंद. विकायला काढलं तेव्हा समजलं की ते घेणारा कोणी नाही. नातेवाइकांना फुकट देऊ केलं, तेही नको म्हणाले.

दहावीवरून आठवलं. मुलगी ११ वर्षांची, म्हणजे चार वर्षांत तिची दहावी. पुण्यातल्या घरात दहावी आणि बारावीच्या वर्षी सहली कशा आटतात ते तुम्हाला सांगायला नको. क्लासवाले रविवारसुद्धा सोडत नाहीत. तिची बारावी उरकली की तीनेक वर्षांत मुलाची दहावी. पाचही जण एका गाडीत बसून जाल अशी वर्षं फार तर आठ-दहा, तीही मधे मधे तुटक. करार संपेल तेव्हा तुम्ही ६६ वर्षांचे असाल आणि मुलगी ३६ वर्षांची. शिवाय मेंटेनन्स वर्षाला ६ टक्क्यांनी जरी वाढला, तरी बारा वर्षांत तो दुप्पट होतो.

पुस्तकांनी अनुभवांवर खर्च करा म्हटलं ते बरोबरच आहे, पण तुम्ही तो आधीपासूनच करताय. पत्रातलं एक वाक्य मी अधोरेखित केलंय: भिलारला आईंनी एकही पॉइंट पाहिला नाही, ज्या घरात पुस्तकं मांडली होती तिथल्या ओसरीवर कादंबरी घेऊन बसल्या आणि जेवायलाही हाक मारावी लागली. ४ मे २०१७ ला ते पुस्तकांचं गाव म्हणून सुरू झालं. घराघरांतून, देवळांतून पुस्तकं ठेवली आहेत आणि तिथे बसून वाचायला पैसे पडत नाहीत. तुमच्या यादीतली ही सर्वांत स्वस्त सहल आणि पत्रात तिच्यावरच सर्वांत जास्त ओळी आहेत.

तर, नाही म्हणा. सही झालेली नाही, त्यामुळे एक ई-मेल पुरे. टोकन म्हणून काही भरलं असेल तर परतावाही त्याच मेलमध्ये लेखी मागा, फोनवर बोलू नका. फोन केलात तर तीच सूट पुढच्या रविवारपर्यंत वाढेल. तरीही मन राहत नसेल तर कराराची प्रत घरी मागवा आणि त्यात शोधा: मेंटेनन्स किती वाढू शकतो याला मर्यादा आहे का, तुमच्या रात्री कोणत्या हंगामातल्या, न वापरलेल्या पुढे जातात का, पाच माणसांना एक खोली पुरते की दोन लागतात, आणि बाहेर पडायचं तर हातात काय येतं. प्रत घरी न्यायला नकार मिळाला तर वाचायचं काही उरलंच नाही.

आता मला खरी काळजी आहे ती एफडीची. ८८,००० खर्चाच्या घरात अडीच लाख म्हणजे तीन महिनेसुद्धा नाहीत आणि सुरुवातीचे ६०,००० तुम्ही त्यातूनच देणार होतात. अडीअडचणीसाठी सहा महिन्यांच्या खर्चाचे ५,२८,००० हवेत, २,७८,००० कमी पडतात. ११,२५० चा हप्ता झेपतो असं तुम्हीच म्हणता ना? मग तो स्वतःलाच भरा. २५ महिन्यांत तूट भरून निघेल. उरलेले २३ हप्ते मुलीच्या शिक्षणासाठीच्या एसआयपीत वळवा. आईंचा आरोग्य विमा आहे की नाही हे पत्रात नाही. नसेल तर तो या सगळ्याच्या आधी. वैयक्तिक पॉलिसीवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून गेला आहे. ७० पूर्ण झाली की त्यांना आयुष्मान कार्डही काढता येईल, तेव्हा दोन वर्षांनी विसरू नका.

सहलींसाठी बँकेत बारा महिन्यांची ४,००० ची आरडी उघडा. पोस्टाची नको, ती पाच वर्षांची असते. वर्षाला ४८,००० आणि वर थोडं व्याज, म्हणजे यंदाच्या तीन सहली निघून काही उरतं. हल्ली सगळं क्रेडिट कार्डावर जातं आणि महिनाभर घरात कुरबुर चालते असं तुम्ही लिहिलंय, तीही थांबेल.

पुस्तकांच्या बाबतीत मी तुमच्या बाजूने, पण अर्धाच. वर्षाला १८,००० फार नाहीत आणि छापील पुस्तकावर जीएसटीही नाही. पण सात पुस्तकं न उघडता उशाशी पडलीत, म्हणजे वहिनी अगदीच चुकीचं बोलत नाहीत. महिन्याला ८०० ठेवा आणि एखाद्या वाचनालयाचे सभासद व्हा. पुण्यात १८४८ पासून चालणारं नगर वाचन मंदिर आहे, पेठांत आणि उपनगरांत लहान वाचनालयंही आहेत. दिवाळी अंक तिथूनच आणा. आप्पा बळवंत चौकातल्या पुस्तकांच्या दुकानांतली चक्कर मी बंद करायला सांगत नाही, सांगितलं तरी तुम्ही ऐकणार नाही. पैशांवरचं पाचवं पुस्तक मात्र नको. चार पुरेत.

राहिला तलाव. तीनपैकी एक सहल तलाव असलेल्या रिसॉर्टमध्ये करा, शाळेला सुट्टी आणि इतरांना नसेल असा मधल्या वाराचा एखादा दिवस गाठून. रात्रीला ७,५०० पर्यंतच्या खोलीवर आता ५ टक्केच जीएसटी लागतो. भंडारदऱ्याला वरच्या मजल्याची खोली मिळाली आणि आईंनी दोन्ही दिवस खाली उतरायचंच टाळलं, असं वहीच्या कोपऱ्यात वहिनींनी पेन्सिलीने लिहिलंय. बुकिंग करताना तळमजल्याची खोली मागून घ्या.