जिनिव्हाचे नियम आणि मामल्याचे उंदीर

प्रश्न : करोनाच्या काळात जागतिक आरोग्य संघटनेचे नाव रोज कानावर पडत होते. खाट मात्र तालुक्याच्या दवाखान्यातच शोधावी लागली आणि पाठीवर बसलेला दांडकाही इथल्याच पोलिसांचा होता. मग जिनिव्हात बसलेल्या या संस्थेचा आमच्या गावाला नेमका उपयोग काय? आणि तिने हुकूम काढला की आपल्या सरकारला तो पाळावाच लागतो का?
— एक वाचक, गेवराई (जि. बीड)

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण त्याविषयीचा गैरसमज फार पसरलेला आहे. या संघटनेकडे पोलीस नाहीत आणि कोणाला दंड करण्याचा अधिकारही नाही. मार्च 2020 मधील टाळेबंदी आपल्या केंद्र सरकारने 2005 च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली लागू केली. राज्यांनी ज्या साथरोग कायद्याचा आधार घेतला तो तर 1897 चा, म्हणजे मुंबईच्या प्लेगच्या वेळी इंग्रज सरकारने केलेला आहे. मे 2025 मध्ये संमत झालेल्या महासाथ करारातही, टाळेबंदी किंवा लसीकरणाची सक्ती करण्याचा अधिकार संघटनेला मिळत नाही, असे स्पष्ट शब्दांत नमूद केलेले आहे.

आता उपयोगाविषयी. त्यासाठी आपल्याच जिल्ह्यातील एक गोष्ट आठवावी लागेल. ऑगस्ट 1994 मध्ये बीड जिल्ह्यातील मामला गावात आधी उंदीर पडू लागले, घरांत पिसवांचा उपद्रव वाढला आणि मग माणसांना ताप येऊन जांघेत व काखेत गाठी दिसू लागल्या. उंदीर पडले की गाव सोडून माळावर झोपड्या टाकायच्या, हे आपल्या पणज्यांना ठाऊक होते. परंतु 1966 नंतर देशात माणसाला प्लेग झाल्याची नोंदच नसल्यामुळे नव्या डॉक्टरांनी तो केवळ पुस्तकात वाचलेला होता. आदल्या वर्षी, 30 सप्टेंबर 1993 रोजी, किल्लारीचा भूकंप झाला होता. त्या धास्तीने लोक घराबाहेर राहू लागले, बंद घरांत साठवलेल्या धान्यावर उंदीर पोसले गेले आणि त्यातून ही साथ उद्भवली, अशी कारणमीमांसा तेव्हा अनेक तज्ज्ञांनी केली. कीटकनाशकाची फवारणी आणि टेट्रासायक्लिनच्या गोळ्या यांमुळे बीडची साथ आटोक्यात आली.

पुढच्याच महिन्यात सुरतमध्ये फुप्फुसाच्या प्लेगची बातमी आली आणि लाखो माणसांनी ते शहर सोडले. देशभरातील मृत्यू पन्नासच्या आसपास होते, पण जगाने जणू संपूर्ण भारतालाच वाळीत टाकले. आखाती देशांनी विमाने थांबवली, काहींनी आपला माल नाकारला, परदेशी विमानतळांवर भारतीय प्रवाशांना वेगळे काढून तपासले जाऊ लागले. प्रवासावर किंवा व्यापारावर अशी बंदी घालण्याचे कारण नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगत होती आणि तिचे तेव्हाचे महासंचालक हिरोशी नाकाजिमा ऑक्टोबरमध्ये स्वतः भारतात येऊनही गेले. तरीही बंदी घालणाऱ्यांनी फारसे ऐकले नाही.

तेव्हाचे आंतरराष्ट्रीय आरोग्य नियम 1969 सालचे होते आणि त्यांत कळवणे बंधनकारक असलेले रोग तीनच उरले होते : कॉलरा, प्लेग आणि पीतज्वर. शिवाय रोग कळवणाऱ्या देशाला शिक्षा आणि लपवणाऱ्याला सूट, असा तो उलटा व्यवहार होता. 1995 मध्ये हे नियम बदलण्याचे ठरले. भारतातील 1994 चा प्लेग आणि 1995 मध्ये झैरेत (आजच्या काँगोत) उद्भवलेला इबोला यांनी ती निकड पुढे आणली, सार्स या श्वसनरोगाच्या 2003 मधील साथीने तिला जोर दिला आणि 2005 चे नवे नियम 15 जून 2007 पासून लागू झाले. त्यांनुसार जगाला धोका ठरू शकेल अशी कोणतीही घटना, मग तिचे नाव यादीत असो वा नसो, पडताळणी होताच 24 तासांत कळवावी लागते. आणि वर्तमानपत्रातील बातमीवरूनही संघटना त्या देशाकडे खुलासा मागू शकते. आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रातून तापाच्या आणि हगवणीच्या रुग्णांचे आकडे नियमाने वर जातात, ते याच साखळीचे खालचे टोक होय. आशाताईंची नोंद चुकली, तर जिनिव्हातील तज्ज्ञ काहीही करू शकत नाहीत.

मात्र हे सांगून मी संघटनेची बाजू घेतो आहे, असे समजू नये. करोना हवेतून पसरतो, हे स्पष्ट शब्दांत मान्य करायला तिने फार वेळ लावला. आणि नोव्हेंबर 2021 मध्ये दक्षिण आफ्रिकेने ओमायक्रॉनची माहिती प्रामाणिकपणे जाहीर केली, तेव्हा काही दिवसांतच अनेक देशांनी तिकडची विमाने बंद केली. म्हणजे भारताच्या वाट्याला 1994 मध्ये जे आले, तेच नव्या नियमांनंतरही दुसऱ्याच्या वाट्याला आले. नियम कागदावर बंधनकारक आहे, पण मोडणाऱ्याचे कोणी काही करू शकत नाही. ही उणीव, माझ्या मते, संघटनेच्या पैशाच्या तंगीहूनही मोठी आहे.

प्रश्न : माझ्या आजोबांच्या पायातून नारू निघाल्याचे घरात सांगतात. हा रोग आता कुठेच ऐकू येत नाही. तो औषधाने गेला की लसीने? त्यात परदेशी संस्थांचा हात होता का?
— एक वाचक भगिनी, अंबड (जि. जालना)

उत्तर : ताई, नारूवर लस नाही आणि औषधही नाही. पायऱ्या उतरून बारवेत पाय बुडवला, की फोडातून बाहेर येणारी मादी पाण्यात अळ्या सोडते; त्या अळ्या सूक्ष्म जलपिसवांच्या पोटात जातात, आणि ते पाणी प्यायलेल्या माणसाच्या अंगातून साधारण वर्षभराने हातभर लांबीचा नवा नारू बाहेर पडतो. हे चक्र तोडायचे, तर पाणी कापडाने गाळणे, पायऱ्यांच्या विहिरींना कठडे बांधून त्या पोहऱ्याने शेंदण्याजोग्या करणे आणि हापसे बसवणे, हेच उपाय होते. भारताने 1983-84 मध्ये देशव्यापी मोहीम सुरू केली; शेवटचा रुग्ण जुलै 1996 मध्ये राजस्थानात आढळला.

तरीही भारत नारूमुक्त असल्याचे प्रमाणपत्र मिळाले ते फेब्रुवारी 2000 मध्ये, कारण सलग तीन वर्षे एकही रुग्ण नाही, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांपुढे सिद्ध करावे लागते. नारू घालवला तो आपल्या आरोग्य कर्मचाऱ्यांनी. परंतु तो खरोखरच गेला, हे सांगण्याचा मान त्रयस्थाचा असतो, आणि असावा.

हापशाविषयी एक गोष्ट आपल्या जिल्ह्याच्या अभिमानाची आहे. पूर्वीचे बिडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे, पंप एका कुटुंबासाठी बनवलेले असत. सबंध गावाने दिवसभर हापसले की ते मोडत. 1960 च्या दशकाच्या अखेरीस जालन्यातील एका मिशनरी विंधन विहीर प्रकल्पात पोलादी हापसा घडवला गेला आणि तो ‘जालना पंप’ म्हणून ओळखला जाऊ लागला. त्यावरून ‘सोलापूर पंप’ निघाला आणि तो आधारभूत धरून युनिसेफने भारतीय अभियंत्यांच्या साहाय्याने 1970 च्या दशकात ‘इंडिया मार्क टू’ तयार करवून घेतला, जो पुढे आफ्रिकेतही गेला. तेव्हा या प्रकरणात हात परदेशी होते तसे जालन्याचेही होते.

प्रश्न : ओआरएसच्या पुडीवर ‘जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रानुसार’ असे छापलेले असते. ते नसलेली तयार पेये मुलांना हगवणीत दिली तर चालतात का?
— एक शिक्षक, उदगीर (जि. लातूर)

उत्तर : नाही. सूत्र असे आहे : 1 लिटर पाण्यात मीठ 2.6 ग्रॅम, ग्लुकोज 13.5 ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड 1.5 ग्रॅम आणि ट्रायसोडियम सायट्रेट 2.9 ग्रॅम. गोड पेयांत साखर याहून पुष्कळ जास्त आणि क्षार कमी असल्यामुळे जुलाब वाढू शकतात. 1971 मध्ये बांगलादेश युद्धाच्या वेळी पश्चिम बंगालमधील बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, साखर व सोड्याच्या अशाच पाण्याने कॉलऱ्याचे असंख्य रुग्ण वाचवले, तेव्हा संघटनेची मान्यता यायची होती. पुडी घेताना ती 1 लिटरची आहे की 200 मिलिलिटरची, हे पाहावे. मोठी पुडी पेल्यात कालवली, तर ते द्रावण मुलाला अपायकारक ठरते.